बघण्याचा तास

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गावर जाणाऱ्या शिक्षकाची एक अडचण रसायनशास्त्राच्या शिक्षकाला कधीच येत नाही. बेन्झिनबद्दल कुणी घरून मत घेऊन येत नाही. कुटुंब, लग्न, जात, धर्म, गाव, शहर, गरिबी यांबद्दल मात्र वर्गातल्या प्रत्येकाचं मत बाकावर बसण्याआधीच पक्कं झालेलं असतं. ते त्याने पुस्तकातून घेतलेलं नसतं. पारावरच्या गप्पा, आत्याच्या लग्नातले रुसवेफुगवे, आजीने कुणाला कुठल्या कपातून चहा दिला ते, आणि आता दिवसभर अंगठ्याखाली सरकणारी रील्स, अशा सगळ्यांतून ते गोळा झालेलं असतं. विषय नवा, पण विषयाचा ऐवज ओळखीचा. त्यामुळे शिकण्यासारखं यात काही आहे असं विद्यार्थ्याला वाटतच नाही.

यावर आपण शिक्षकांनी शोधलेला उपाय म्हणजे व्याख्या. मॅकआयव्हर आणि पेज यांची व्याख्या, मग वैशिष्ट्यं, प्रकार, महत्त्व, आणि शेवटी टीपा लिहा. विद्यार्थी अर्पित दर्जा आणि अर्जित दर्जा यांतला फरक चार ओळींत बिनचूक लिहितो. आपल्या आडनावाने आपल्यासाठी कोणती दारं उघडली आणि कोणती बंद ठेवली, हा प्रश्न मात्र त्या चार ओळींना शिवत नाही. वहीतला समाज आणि घरातला समाज दोन वेगळ्या खोल्यांत राहतात. मधलं दार वर्षभर बंदच असतं आणि परीक्षा झाली की वही रद्दीत जाते.

हे दार उघडायला फोटो, चित्रपट, माहितीपट, जाहिरात, फ्लेक्स, लग्नाचा अल्बम असं दृश्य साहित्य कसं वापरता येईल, याचे काही पाठ या पुस्तकात आहेत. त्यांच्यामागचं म्हणणं एकच आहे. पडद्यावर काहीतरी दाखवलं म्हणजे शिकवणं झालं, असं नव्हे. चित्र हा धड्याला जोडलेला नमुना नसतो, तर समाजाने घडवलेली आणि म्हणूनच तपासून बघायची वस्तू असते. विद्यार्थ्याला ती तपासता आली तर तो समाजशास्त्राला लागला असं समजावं. नाहीतर प्रोजेक्टर असो वा स्मार्ट बोर्ड, तो तास मोकळ्या तासाहून वेगळा नसतो.

विसरलेला वारसा

दृश्य साधनं ही आजची फॅशन आहे, खरं समाजशास्त्र ग्रंथांत असतं, अशी तक्रार अध्यापकांच्या खोलीत ऐकू येते. आपल्या विषयाचा इतिहास वेगळंच सांगतो.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, आणि मुळातच डोळ्यांनी विचार करणारा माणूस. एडिंबरोमध्ये त्यांनी १८९२ पासून 'आउटलुक टॉवर' नावाची इमारत चालवली होती. पाहुण्याने आधी थेट माथ्यावर जायचं. तिथल्या अंधाऱ्या खोलीत कॅमेरा ऑब्स्क्युराने टेबलावर उतरवलेलं जिवंत शहर बघायचं आणि मग एकेक मजला खाली उतरत आधी शहर, मग स्कॉटलंड, मग युरोप, शेवटी जग असं समजून घ्यायचं. नगररचनेचं त्यांचं फिरतं प्रदर्शन नकाशे, आराखडे आणि चित्रं यांनी भरलेलं होतं. १९१४ मध्ये ते भारताकडे निघालं असताना 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने ते नेणारं जहाज बुडवलं. गेडिस यांनी प्रदर्शन पुन्हा जमवलं आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला मांडलं. शहर आधी पायी हिंडून बघायचं, त्याचं निदान करायचं आणि मगच त्यावर उपाय सुचवायचा, ही त्यांची रीत होती.

१९२४ मध्ये विभाग गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाती आला. ग्रंथांवर आणि संस्कृत साधनांवर हुकमत असलेले विद्वान, अशीच त्यांची ओळख आपल्याला असते. पण केंब्रिजमध्ये आधीचे मार्गदर्शक डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या निधनानंतर घुर्यांचं काम ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण झालं, आणि या हॅडन यांनी १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेवर चलच्चित्राचा कॅमेरा सोबत नेला होता. त्या कॅमेऱ्याने घेतलेल्या फिल्म्सची गणना क्षेत्रकार्यात चित्रित केलेल्या अगदी पहिल्या फिल्म्समध्ये होते. खुद्द घुर्यांनी १९५१ मध्ये भारतीय वेशभूषेवर सचित्र ग्रंथ काढला. कोण काय नेसतं, कुठल्या काळात कुठली घडी बदलते आणि त्यावरून काय कळतं, हा त्यांच्या लेखी समाजशास्त्राचाच प्रश्न होता. इरावतीबाई कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या तेव्हा, एकाच विठ्ठलाचं नाव घेणाऱ्या बाया जेवायला मात्र जातीजातीने वेगळ्या बसतात, हे त्यांनी टिपलं. ते कुठल्या प्रश्नावलीतून आलेलं नव्हतं. शेजारी चालणाऱ्या, शेजारी जेवणाऱ्या माणसांकडे नीट बघितल्याने ते दिसलं होतं.

तेव्हा बघणं ही आपल्या शास्त्राची जुनीच रीत आहे. मधल्या काळात पदवीचे वर्ग मोठे झाले, अभ्यासक्रम एकछाप झाले, गाइडं आली आणि बघण्याची जागा नोट्सनी घेतली.

पाच मिनिटं, पण दोनदा

दृश्य साहित्य वापरायचं म्हटलं की पहिला बेत ठरतो तो अख्खा चित्रपट दाखवण्याचा. सभागृह मिळवायचं, तीन वर्ग एकत्र बसवायचे, पडदे ओढायचे. दोन-अडीच तासांनी दिवे लागतात, कुणीतरी आभार मानतं आणि सगळे बस पकडायला पळतात. भावना उचंबळून येतात, कधी डोळेही पुसले जातात, पण विचाराला जागा उरत नाही. चित्रपट अख्खा जरूर बघावा, पण तो घरी किंवा वाचनालयात. वर्गात पाच-सात मिनिटांचा तुकडा पुरतो, फक्त तो दोनदा दाखवायचा.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मधला डुक्कर पकडण्याचा प्रसंग घ्या. शाळेच्या आसपास जाब्या, त्याचे आईवडील आणि बहिणी डुकराच्या मागे धावताहेत. बघ्यांची गर्दी जमली आहे, तिच्यात जाब्याच्या वर्गातली मुलंही आहेत. डुक्कर आता हाती लागणार, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. हे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभं राहतं आणि डुक्कर निसटतं.

पहिल्यांदा हा तुकडा आवाज बंद करून दाखवावा. मग एकच प्रश्न विचारायचा: काय दिसलं? या फेरीत विशेषणाला बंदी असते. कुणी म्हणतं, "सर, गरीब कुटुंब दिसलं." लगेच विचारायचं, गरिबी कशात दिसली? कपड्यांत? पायांत? की ते जे काम करताहेत त्यात? कुणी म्हणतं, "लोक त्यांची चेष्टा करताहेत." आवाज तर बंद होता, मग चेष्टा कशावरून कळली? हळूहळू फळ्यावर वेगळीच यादी जमू लागते. कोण धावतंय, कोण उभं आहे. कोण वर आहे, कोण खाली. कुणाच्या हातात काय आहे. बघणारे कुठे थांबले आहेत आणि कोणती रेष ते ओलांडत नाहीत. निरीक्षण कुठे संपतं आणि निष्कर्ष कुठे सुरू होतो, हा संशोधनपद्धतीचा पहिला धडा त्या शब्दाचा उच्चारही न करता होऊन जातो.

दुसऱ्यांदा आवाजासह दाखवायचं. आता राष्ट्रगीत ऐकू येतं आणि त्या स्तब्धतेचा अर्थ पालटतो. मग विचारायचं, उभं राहण्याचा नियम कुणी शिकवला? न उभं राहिलं तर काय होईल, आणि कुणाला होईल? गर्दीतल्या माणसाने उभं राहणं आणि पोटाचं काम हातातून सुटत असताना या कुटुंबाने उभं राहणं, यात फरक काय? एकाच राष्ट्राचे नागरिक असलेली दोन प्रकारची माणसं एकाच चौकटीत दिसतात. सामाजीकरण, प्रमाणकं, सामाजिक नियंत्रण, स्तरीकरण ही चार प्रकरणं त्या काही सेकंदांत सामावलेली असतात. पुढे पकडलेलं डुक्कर काठीला लटकवून हे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जातं. त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई आणि गाडगेबाबा रंगवलेले आहेत. हा तुकडा पुढच्या तासासाठी राखून ठेवावा. आदर्श मूल्यं आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतली दरी समजावणारं याहून चांगलं उदाहरण कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

शिक्षकाने या साऱ्यात कमीत कमी बोलावं. संज्ञा अगदी शेवटी द्यावी, ज्या गोष्टीला नाव हवंय ती फळ्यावर आल्यानंतर. आधी व्याख्या देऊन मग तिचा पुरावा म्हणून चित्र दाखवलं की विद्यार्थी चित्रात फक्त व्याख्या शोधतो आणि बाकी सगळं त्याच्या नजरेतून सुटतं.

कॅमेऱ्यामागे कोण?

दृश्याची ताकद हाच त्याचा धोकाही आहे. लिहिलेल्या विधानावर शंका घेण्याची सवय विद्यार्थ्याला थोडीबहुत असते. फोटो मात्र त्याला खराच वाटतो. म्हणून दुसऱ्या भागातले पाठ काय दिसतं यापेक्षा कुणी दाखवलं यावर बेतले आहेत.

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हा संग्रह छापला. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंड निघाले, त्यांत ४६८ फोटो. पानावर एक माणूस किंवा काही माणसं, खाली त्यांच्या जमातीचं नाव आणि सोबत त्या जमातीच्या स्वभावाचं वर्णन. फोटोतल्या माणसाचं स्वतःचं नाव बहुधा नाहीच. तो नमुना म्हणून उभा आहे. याच काळात, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का बसला त्यांत कैकाडीही होते. माणसाची पारख त्याच्या जमातीवरून होते, ही एकच समजूत त्या खंडांच्या आणि त्या कायद्याच्या मुळाशी होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण समजूत रद्द करण्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नसते. 'फँड्री'तलं कुटुंब कैकाडी आहे हे लक्षात ठेवून विद्यार्थ्याने चित्रपटाचा शेवट पुन्हा बघावा. जाब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. कॅमेऱ्याच्या जागी कोण उभं आहे, हा प्रश्न १८६८ सालच्या फोटोलाही विचारता येतो आणि २०१३ सालच्या चित्रपटालाही.

रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) माहितीपटांच्या इतिहासात मानाचा. पण पडद्यावरच्या नानूकचं खरं नाव अल्लाकारियाल्लाक होतं. बर्फाच्या घरातलं चित्रण करायला उजेड मिळावा म्हणून घर अर्धंच बांधलं होतं, आणि बंदुका वापरात आल्या असतानाही शिकार जुन्या हत्यारांनी करवून घेतली होती. हे कळल्यावर विद्यार्थी पटकन म्हणतात, मग हे खोटंच! तिथे थांबायचं नाही. ही माणसं काळाच्या बाहेर गोठलेली दिसावीत असं कुणाला वाटत होतं, आणि का? आदिवासी पाड्यावरची आजची पर्यटन-जाहिरात शेजारी ठेवली की प्रश्न जुना राहत नाही.

नमुना निवड शिकवताना ब्रिटिश दूरचित्रवाणीवरची 'अप' मालिका हाताशी ठेवावी. १९६४ मध्ये वेगवेगळ्या वर्गांतल्या सात वर्षांच्या १४ मुलांच्या मुलाखती घेतल्या आणि पुढे दर सात वर्षांनी कॅमेरा त्यांच्याकडे परत जात राहिला. २०१९ मध्ये ती मुलं ६३ वर्षांची झाली होती. वर्ग माणसाचं आयुष्य किती ठरवतो, हे तक्त्याशिवाय इतकं लख्ख दिसण्याची उदाहरणं थोडी आहेत. तरीही मोजायला सांगावं: १४ पैकी मुली किती? चार. १९६४ च्या इंग्लंडमध्ये वर्ग म्हटलं की आधी मुलगेच का डोळ्यांसमोर आले? उत्तर त्या समाजाविषयी जेवढं सांगतं तेवढंच अभ्यासकाच्या नजरेविषयीही सांगतं.

आपल्याकडे निष्ठा जैन यांच्या 'लक्ष्मी अँड मी' (२००७) मध्ये दिग्दर्शिकेने आपल्याच घरी काम करणाऱ्या बाईंवर कॅमेरा धरला आहे, आणि मालकीण म्हणून स्वतःलाही चौकटीत घेतलं आहे. हे बघितल्यावर वर्गात थोडी चुळबुळ होते. ती होऊ द्यावी.

चौकातला फ्लेक्स

एवढं सगळं करायला प्रोजेक्टर हवाच असं नाही. तालुक्याच्या गावी दुपारी लाइट जाते, केबल सापडत नाही, पडद्याच्या जागी पिवळी भिंत असते. तिथे सर्वांत चांगलं दृश्य साहित्य महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच टांगलेलं असतं.

वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. मधोमध सर्वांत मोठा चेहरा, हात जोडलेले किंवा मोबाइल कानाला, डोळ्यांवर गॉगल, खाली ठसठशीत अक्षरांत 'भावी' असं काहीतरी पद. वरच्या पट्टीत पोस्टाच्या तिकिटाएवढे वरिष्ठ नेते, त्यांच्याही वर महापुरुष. तळाशी शुभेच्छुकांच्या रांगा. पहिल्या रांगेतले चेहरे जरा मोठे, शेवटच्या रांगेतले पासपोर्ट आकाराचे. कुणाच्या नावामागे 'युवा नेते', कुणाच्या मागे 'उद्योजक', कुणाच्या मागे नुसतंच आडनाव. विद्यार्थ्यांनी गटागटाने जाऊन मोजावं: चेहरे किती, त्यांत स्त्रिया किती, आडनावं कोणती पुन्हा पुन्हा येतात, कुणाचा चेहरा कुणाच्या शेजारी आहे. मग बघावं, हा फ्लेक्स नेमक्या याच चौकात का, वस्तीच्या आत का नाही? महापुरुषांपैकी कोण आहेत आणि कोण नाहीत? खर्च कुणी केला असेल?

दर्जा, भूमिका, संदर्भ समूह, सत्ता आणि अधिकार, पितृसत्ता हे सगळं पाच-सहा फुटांच्या प्लास्टिकवर छापून आलेलं असतं. चेहऱ्याचा आकार किती असावा हे कुठल्याही नियमपुस्तिकेत लिहिलेलं नाही, तरीही छापणाऱ्याला ते अचूक माहीत असतं आणि चुकलं तर भांडण होतं. अलिखित प्रमाणक म्हणजे काय, हे इतक्या चटकन दुसरीकडे कुठे कळणार? तळच्या रांगेत फोटो असलेला एखादा मुलगा आपल्याच वर्गात बसलेला असतो. त्याला विचारावं, यादीत नाव यावं म्हणून काय करावं लागतं? तो जे सांगेल ते त्या दिवसाचं व्याख्यान.

घरचा अल्बमही असाच. आजी-आजोबांच्या काळातला कुटुंबाचा एक फोटो आणि अलीकडचा एक फोटो समोरासमोर ठेवायचे. खुर्चीवर कोण बसलंय, मागे कोण उभं आहे, जमिनीवर कोण? सुना कुठल्या टोकाला? विधवा आत्या फोटोत आहे का? फोटोच नसलेल्या घरांचं काय? कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याची ऐपत आणि रीत सगळ्यांकडे एकाच वेळी आली नाही, त्यामुळे फोटो नसणं ही माहितीच असते. ज्या विद्यार्थ्याकडे जुना फोटो नाही त्याने घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून तसा फोटो का नाही ते लिहावं. त्याचा गृहपाठ कमी ठरू नये, याची काळजी शिक्षकाने घ्यावी.

फिल्म्स डिव्हिजनचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' (१९६७) हा एस. एन. एस. शास्त्री यांचा छोटा माहितीपट या वयाच्या मुलांना विशेष भिडतो. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या आणि तेव्हा विशीत आलेल्या तरुणांना देशाबद्दल, आपल्या स्वप्नांबद्दल बोलतं केलं आहे. तो दाखवून झाला की तेच प्रश्न वर्गाने एकमेकांना विचारावेत आणि मोबाइलवर चित्रित करावेत. विद्यार्थी बघणाऱ्याच्या जागेवरून विचारणाऱ्याच्या जागी जातो आणि प्रश्नाची शब्दयोजना बदलली की उत्तर कसं बदलतं ते स्वतः अनुभवतो.

चित्रात न मावणारं

आता दुसरी बाजू. चित्राला चेहरा लागतो आणि समाजरचनेला चेहरा नसतो. चित्रपटाला गोष्ट लागते, गोष्टीला बहुधा खलनायक लागतो. विद्यार्थी मग जातिव्यवस्थेऐवजी एका दुष्ट पाटलावर चिडतो, पितृसत्तेऐवजी एका सासूवर. चिडणं स्वाभाविक आहे, पण समाजशास्त्र तिथून पुढे सुरू होतं.

'सैराट' (२०१६) वर्गात सगळ्यांनी आधीच बघितलेला असतो, गाणी पाठ असतात. आर्ची आणि परशाची गोष्ट म्हणून त्यावर तासभर बोलता येतं आणि तरी काही शिकून होत नाही. तिच्या शेजारी एक आकडा ठेवावा. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत वेगळ्या जातीत लग्न झाल्याचं सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया साधारण ५ टक्के होत्या. म्हणजे उरलेल्या बहुतेक लग्नांमध्ये कुणी कुणाला मारलं नाही, धमकावलंही नाही. सगळं हसतखेळत, पत्रिका जुळवून, जेवणावळी घालून पार पडलं, आणि जात जशीच्या तशी पुढच्या पिढीत गेली. हिंसा पडद्यावर दिसते, संमती दिसत नाही. जात टिकवण्याचं बहुतेक काम मात्र संमतीच करते. हे समजायला चित्रपटही हवा आणि तक्ताही.

खलनायकाशिवाय रचना दाखवणारे चित्रपटही आहेत. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) त्यासाठी सोन्यासारखा. एका शाहिरावर खटला चालू आहे. कॅमेरा न्यायालयातून बाहेर पडतो आणि वकिलांच्या, न्यायाधीशांच्या मागे त्यांच्या घरी जातो. बचाव पक्षाचा वकील सुपरमार्केटमध्ये खरेदी करतो. सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, वाटेत मुलाला घेतात, स्वयंपाक करतात, सगळ्यांना वाढतात, सुट्टीच्या दिवशी मराठी नाटकाला जातात. न्यायाधीश नातेवाइकांबरोबर सहलीला जातात. यातलं कुणीही राक्षस नाही. पण प्रत्येकाची भाषा, जेवण, विनोद, कशाला हसावं आणि कशाची भीती बाळगावी याची समज, हे सगळं त्याच्या वर्गातून, जातीतून, शहराच्या ज्या भागात तो राहतो तिथून आलेलं आहे, आणि तेच सगळं दुसऱ्या दिवशी न्यायालयात येऊन बसतं. बूर्दिओ हे नाव पहिल्या वर्षाला घेतलं नाही तरी चालेल. त्यांना जे म्हणायचं होतं ते इथे दिसतं.

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो दाखवले की वर्गातून पहिला शब्द येतो, "बिचारे". दयेत वाईट काही नाही, पण तिथे अडकलं तर प्रश्न त्या माणसापुरता उरतो. म्हणून विचारायचं, फोटोत कोण नाही? कचरा करणारे नाहीत, कंत्राटदार नाही, अंदाजपत्रक मंजूर करणारे नाहीत, आपण नाही. हे काम करणाऱ्यांत ठरावीक जातीच का? हाताने मैला उचलण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा असूनही गटारात उतरून माणसं का मरतात? खाजगी दुःख आणि सार्वजनिक प्रश्न यांना जोडणाऱ्या ज्या कल्पकतेबद्दल सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये लिहिलं, ती फोटोच्या चौकटीबाहेर बघायला शिकल्यानेच येते.

वर्ग हाही समाजच

या पुस्तकाचा वापर करणाऱ्या शिक्षकांना एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. ज्या समाजाबद्दल आपण पडद्यावर बघतो, तोच समाज समोरच्या बाकांवर बसलेला असतो. जातीचा, धर्माचा, कामाचा अपमान दाखवणारं दृश्य काहींसाठी माहिती असते आणि काहींसाठी कालचा दिवस. एखाद्या शब्दावर मागच्या बाकावरून हसू फुटतं आणि मधल्या रांगेतली एक मान खाली जाते. हे शिक्षकाच्या लक्षात यायला हवं. कुणाही विद्यार्थ्याकडे वळून "तुमच्याकडे असंच असतं ना?" असं विचारू नये. आपल्या समाजाचा प्रतिनिधी होण्याची सक्ती कुणावर नसावी. प्रश्न विचारायचाच तर हसणाऱ्याला विचारावा, हसू का आलं? आणि तोही त्याला उभं करून नव्हे, लिहून आणायला सांगून. कठीण तुकडा दाखवण्याआधी त्यात काय आहे ते सांगावं आणि ज्याला बाहेर थांबायचं असेल त्याने कारण न देता थांबावं.

विद्यार्थी स्वतः फोटो काढायला निघतात तेव्हाही हेच भान हवं. मजूर नाक्यावर उभ्या माणसाचा फोटो न विचारता सहज काढता येतो. बंगल्याच्या फाटकाशी कॅमेरा काढला की वॉचमन धावून येतो. कुणाकडे बेधडक बघता येतं आणि कुणाकडे नाही, हा विषमतेचा नकाशाच आहे. म्हणून परवानगी घेणं हा गृहपाठाचा पहिला भाग मानावा, आणि मिळालेला नकारही नोंदवून आणावा.

कायद्याची भीती मात्र बाळगायचं कारण नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरत्या प्रदर्शनाला सवलत आहे. ती वर्गापुरतीच आहे, हे मात्र लक्षात ठेवावं. तुकडे कापून समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

पाठांविषयी

पाठांचा क्रम अभ्यासक्रमातल्या प्रकरणांना धरून आहे: समाज आणि संस्कृती, सामाजीकरण, समूह, दर्जा आणि भूमिका, कुटुंब आणि विवाह, स्तरीकरण, नियंत्रण आणि विचलन, परिवर्तन. प्रत्येक पाठात एक दृश्य, त्याचे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे प्रश्न, शेजारी ठेवायचा एखादा तक्ता किंवा उतारा, आणि गावातल्या गावात करता येईल असा एक गृहपाठ आहे. 'कुंकू' (१९३७) मधली म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली आणि ते मानायला नकार देणारी नीरा, आणि 'उंबरठा' (१९८२) मधली घर सोडून महिलाश्रमाची नोकरी पत्करणारी सुलभा, या दोघींना एकाच पाठात आणलं आहे. मधल्या साडेचार दशकांत कुटुंबात काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे मुलामुलींनी स्वतः ठरवावं. पाठ जसेच्या तसे वापरण्याची सक्ती नाही. जिथे आपल्या भागातलं दृश्य मिळेल तिथे छापलेलं बाजूला ठेवावं. कोकणातल्या वर्गाला मनिऑर्डरची वाट बघणाऱ्या घराचा फोटो जे सांगेल ते मराठवाड्यातल्या वर्गाला ऊसतोडीला निघालेली बैलगाडी सांगेल.

राहता राहिली परीक्षा. वर्गात काहीही करा, विद्यार्थी प्रश्नपत्रिका बघूनच अभ्यास करतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. प्रश्नपत्रिकेत 'व्याख्या द्या' असेल तोवर पडद्यावरचं सगळं त्याच्या लेखी अवांतर राहणार. म्हणून प्रत्येक पाठाच्या शेवटी गुणांसहित एक चित्र-प्रश्न दिला आहे: न बघितलेला एक फोटो, त्यातली पाच निरीक्षणं, त्यांवरून काढलेले दोन निष्कर्ष, आणि हे निष्कर्ष पक्के करायला आणखी कोणती माहिती लागेल ते. अंतर्गत मूल्यमापनात हा प्रश्न आजही घालता येतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. तो विद्यापीठाच्या मुख्य प्रश्नपत्रिकेत यावा यासाठी अभ्यासमंडळांकडे आग्रह धरावा लागेल, आणि तो आपण शिक्षकांनीच धरायचा आहे. अशा प्रश्नाचं उत्तर कुठल्याच गाइडात सापडणार नाही, आणि तो प्रश्नपत्रिकेत यावा यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.